उडीनंतर क्वॉड बाइक तळाला आपटते: कडक स्प्रिंग की जास्त कॉम्प्रेशन (शॉक दबताना तेलाचा होणारा विरोध)?

आधी शॉकच्या दांड्यावर झिप-टाय बांधून ट्रॅकवर एक फेरी मारा. टाय सरकत बंप-रबरला (शॉकच्या टोकाचा रबरी ठोकळा) भिडला तर शॉक तळाला आपटतोय, शंकाच नको. मग चालवणाऱ्याला हेल्मेट-बुटांसकट बसवून सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते, मोजा. एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शनच्या पूर्ण हालचालीच्या) एक तृतीयांशाहून बराच जास्त भरला तर बहुधा स्प्रिंगच मऊ आहे. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळला की उंची वाढते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. बहुतेक जण इथेच फसतात. कडक स्प्रिंग टाकली की रिबाउंडही (शॉक परत उघडतानाचा विरोध) वाढवा, नाहीतर गाडी मागून उसळते.

सॅग बरोबर असून फक्त मोठ्या उडीलाच आपटत असेल, तर हाय-स्पीड कॉम्प्रेशन (गाडीचा नव्हे, शॉक दबण्याचा वेग जास्त असतानाचा विरोध) एकेक क्लिकने वाढवा. फुकटचा उपाय, पण अति झालं तर खडबडीत वळणावर चाकं टप्पे खातात. शिवाय मुंबईच्या मे महिन्यात शॉकचं तेल तापून पातळ होतं, सकाळची सेटिंग दुपारी कमी पडते. स्प्रिंगला उकाडा बाधत नाही.