पद्मिनी आणि ११८ एनई, चौदा महिने दोन्ही चालवल्यावर

दोन्ही गाड्या प्रीमियर कंपनीच्या, पण चालवायला बसलं की एका घरच्या वाटतच नाहीत. पद्मिनी ८४ ची, काकांची, मला आयती मिळाली. एनई ९१ ची, हौसेने घेतली. दोन्ही मिळून साधारण सहा हजार किमी झाले.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डिलाइट, १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगला. नवीन माणूस बसला की त्याचा डावा हात आधी खाली चाचपडतो नि तिथे काहीच नसतं, बघायला मजा येते. त्रिकोणी काच उघडली की वारा थेट तोंडावर, एसीची आठवणच येत नाही (खोटं बोलतोय, मे महिन्यात येते). पण चारी चाकांना ड्रम ब्रेक, ते लवकर तापतात, म्हणून पसरणी घाट सेकंडवरच उतरायचा, नुसत्या ब्रेकवर उतरलो एकदा तर वाईत पोचेपर्यंत पेडल लिबलिबीत आणि वास तर विचारूच नका. चढताना उन्हात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला की गाडी गप्प, मग पंपावर ओला फडका गुंडाळायचा आणि चहा प्यायचा. काका डिकीत कायम फडका नि पाण्याची बाटली का ठेवायचे ते आत्ता कळलं.

एनई १९८५ ला आली, बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानचं ११७१ सीसी, आणि हे इंजिन म्हणजे खरंच सोनं आहे राव. चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू, हायवेला ८० वर निवांत, मागे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग त्यामुळे खड्ड्यात मागचे लोक उडत नाहीत. पुणे-सातारा मी आता हीच काढतो.

पण कौतुक सगळं पद्मिनीला. सिग्नलला रिक्षावाले विचारतात, विकता का. एनई बघून शेजारचा पोरगा म्हणाला, काका ही रशियन आहे का? अगदीच चुकला नाही म्हणा, रशियाची लाडा पण १२४ वरूनच निघाली.

पार्टचंही तसंच. टॅक्सीवाल्यांच्या कृपेने पद्मिनीचं बरंच काही अजून मिळतं, एनईचा टेललॅम्प गॅरेजच्या पोराने रिव्हर्स घेताना फोडला तर अडीच महिने शोधत होतो, शेवटी जुन्या बाजारात एक सापडला, तोही उजवा, हवा होता डावा.

कुठलीही घ्या, आधी पेट्रोलचे रबरी पाइप बदला. इथेनॉलवाल्या पेट्रोलला हे जुने रबर टिकत नाहीत, माझा एनईचा बॉनेटखाली गळत होता, नुसत्या वासावरून कळलं म्हणून वाचलो.