स्वयंसेवक अग्निशमन पथकप्रमुखांसाठीचं कोचिंग आणि मेंटॉरिंग : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दोन-तीन जणांनी विचारलं होतं की हे कोचिंग वगैरे आपल्यासारख्या लोकांना खरंच उपयोगी पडतं का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नऊ महिने झाले. कोचबरोबर १४ सेशन्स झाली, मेंटॉरशी किती वेळा बोलणं झालं ते मोजलेलंच नाही. मी आठ वर्षं स्वयंसेवक पथकात आहे, त्यातली शेवटची दोन पथकप्रमुख म्हणून. पगार नाही, दिवसभर नोकरी, आणि वर्दी (आग किंवा अपघाताचा निरोप) आली की हातातलं टाकून पळायचं, जे यात आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

आधी मला वाटायचं कोच आणि मेंटॉर म्हणजे एकच, नाव फक्त वेगळं. तसं नाहीये. माझे मेंटॉर दुसऱ्या एका पथकाचे निवृत्त प्रमुख आहेत, आयुष्यभर आगी बघितलेला माणूस, मी त्यांना काका म्हणते. त्यांना विचारलं की ते सरळ सांगतात, मी असतो तर असं केलं असतं, आणि मी एकदा असं केलं होतं तेव्हा चुकलं होतं. कोच मॅडमचा आगीशी काही संबंध नाही. त्या सल्ला देतच नाहीत, प्रश्न विचारतात. सुरुवातीला याचा मला खूप त्रास झाला कारण मी उत्तरं घ्यायला गेले होते.

खरं तर या माझ्या दुसऱ्या कोच. पहिले दोन महिने जे कोच मिळाले ते कंपन्यांमधल्या मॅनेजर लोकांना शिकवणारे होते, आणि त्यांचं सगळं बोलणं प्रमोशन, टार्गेट, बोनस याभोवतीच फिरायचं. मी तीनदा सांगितलं की माझ्या लोकांना पगारच नाही तर बोनस कशाचा देऊ, तरी पुढच्या वेळी तोच तक्ता समोर. शेवटी बदलून मागितला, आणि ज्या संस्थेमार्फत हे सगळं चालू होतं त्यांनी बदलून द्यायला सहा आठवडे लावले. तेव्हा घेणार असाल तर सुरुवातीलाच विचारा की कोच नाही जमला तर बदलता येतो का आणि किती दिवसांत. कोचचं क्रेडेन्शियल, म्हणजे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, पण विचारा, त्यात लाजायचं काही नाही. कोचना अशी प्रमाणपत्रं देणारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन १९९५ पासून आहे, त्यांच्या एसीसी या सुरुवातीच्या पातळीला निदान १०० तास आणि त्यावरच्या पीसीसीला ५०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं. पण तास भरपूर म्हणजे माणूस आपल्याला जमेलच असं नाही, माझ्या पहिल्या कोचचे तास आताच्या मॅडमपेक्षा जास्त होते.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या की चौथ्या सेशनमध्ये मी एका रात्रीच्या आगीबद्दल सांगत होते, गोडाऊन होतं, पोचलो तेव्हा अर्धं पेटलेलं, आणि मी अगदी अभिमानाने सांगत होते की ब्रांच (पाण्याच्या होजचं पुढचं तोंड) मी स्वतः धरली आणि बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) लावून पहिली आत गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या वेळी इमारतीकडे बाहेरून कोण बघत होतं?" मी गप्प. कारण कोणीच बघत नव्हतं. डेप्युटी पंपावर होता, बाकी सगळे माझ्या मागे. छताचं काय चाललंय, धूर कुठून येतोय, आत किती जण आहेत हे सांगू शकेल असा एकही माणूस बाहेर नव्हता. नंतर हे काकांना सांगितलं तर ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "त्या दिवशी तुमच्याकडे एक ब्रांचमन वाढला आणि प्रमुख कोणीच उरला नाही."

ते वाक्य काही महिने डोक्यातून गेलं नाही. मग काकांबरोबर बसून सगळी मांडणी बदलली. इन्सिडेंट कमांड सिस्टीम, म्हणजे घटनास्थळी कोणी कोणाच्या हाताखाली काम करायचं याची ठरलेली रचना, आपण सगळ्यांनी कोर्समध्ये शिकलेली असते, १९७० मध्ये कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले आणि वेगवेगळ्या दलांचा एकमेकांशी मेळच बसेना त्यातून ती पुढे तयार झाली, आणि त्यात स्पष्ट आहे की एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, पाच असले तर उत्तम. परीक्षेत मी हे लिहिलं होतं. आणि प्रत्यक्षात आगीवर अकरा माणसं थेट माझ्याशी रेडिओवर बोलत होती! आता दोन गट, दोन गटप्रमुख, आणि मी त्या दोघांशी, पंपवाल्याशी आणि बाहेर नजर ठेवणाऱ्याशीच बोलते. पहिले दोन महिने हाताला अक्षरशः खाज यायची, बाहेर नुसतं उभं राहणं फार जड जातं.

काकांकडून सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर कागदावरच्या आगी. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन अधिकारी निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला होता. त्याला दिसलं की अनुभवी माणूस चार पर्याय समोर मांडून तुलना करतच नाही, समोरचं चित्र त्याला आधी बघितलेल्या कशाशी तरी जुळतं, जे सुचतं ते तो मनात एकदा चालवून बघतो आणि लगेच करतो. म्हणजे सगळी मदार आधी काय बघितलंय यावर. आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे, स्वयंसेवक पथकाला वर्षात खऱ्या इमारतीच्या आगी मिळतात किती? म्हणून काका दर आठवड्याला एका घराचा नकाशा काढून पाठवतात आणि फोनवर दहा मिनिटं विचारतात. एकदा म्हणाले, दार बंद, खिडकीच्या काचा आतून काळ्या पडलेल्या, ज्वाळा दिसत नाहीत, दाराच्या फटीतून धूर बाहेर येतोय आणि मधूनच परत आत ओढला जातोय, काय करशील. मी म्हटलं दार फोडून आत. फोनवर शांतता. मग म्हणाले, "आत आग हवेसाठी तडफडतेय, तू दार उघडून तिला हवा देणार?" बॅकड्राफ्ट, म्हणजे कोंडलेल्या आगीला अचानक हवा मिळून होणारा भडका, मला व्याख्येसकट पाठ होता हो, पण त्या खुणा सांगितल्यावर तो शब्द डोक्यात आलाच नाही. आधी सगळ्यांना दारासमोरून बाजूला काढायचं, शक्य असेल तर वरून धूर आणि उष्णता बाहेर सोडायची, मगच दाराचा विचार. आता हेच नकाशे मी आमच्या गटप्रमुखांना देते.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर आगीवर लोक ऐकतातच. खरी परीक्षा ड्रिलच्या, म्हणजे सरावाच्या, संध्याकाळी असते. आपल्या माणसाला आपण काढून टाकण्याची भीती दाखवू शकत नाही, त्याला पटलं नाही तर तो भांडतही नाही, नुसता यायचा बंद होतो. आमचे एक जुने सदस्य, मी आले तेव्हा मला होज गुंडाळायला शिकवलेले, पाच ड्रिलना आले नाहीत आणि मी त्यांना हजेरीबद्दल कोरडा मेसेज टाकला होता. मॅडम ग्रो पद्धतीने काम करतात, म्हणजे आधी ध्येय, मग वस्तुस्थिती, मग पर्याय, मग नक्की काय करणार. मी थेट पर्यायावर उडी मारत होते, नियम कडक करू का, नाव कमी करू का. त्यांनी मला वस्तुस्थितीवरच अडवलं. कागदाचे दोन भाग करा, एकीकडे तुम्हाला काय माहीत आहे, दुसरीकडे तुम्हाला काय वाटतंय. वाटतंय मध्ये पान भरलं, त्यांना माझं प्रमुख होणं आवडलं नाही, कंटाळा आलाय, वय झालंय. माहीत आहे मध्ये एकच ओळ, पाच ड्रिलना आले नाहीत.

मी घरी जाऊन भेटले त्यांना. काही महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघाताची एक वर्दी होती, त्यात लहान मूल होतं, आणि तेव्हापासून त्यांना गाडीत चढवतच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं त्यांना. मीही नाही. मेसेज टाकला होता हजेरीचा. त्यांना आम्ही समुपदेशकाकडे जायला मदत केली, आता ते आगीवर येत नाहीत पण साहित्य तपासणी आणि नव्यांचं ट्रेनिंग तेच बघतात. इथे एक नीट लक्षात घ्या, कोचिंग म्हणजे मानसिक उपचार नाही. मलाही एका वर्दीनंतर झोप लागेना तेव्हा मॅडमनी स्वतःच सांगितलं की हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे, तुम्ही समुपदेशकाला भेटा. चांगल्या कोचला आपली हद्द कळते.

वर्दीनंतरची चर्चा पण बदलली. पूर्वी मीच बोलायचे. आता चार प्रश्न, काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. ही पद्धत मुळात अमेरिकी लष्करातली, १९७० च्या दशकापासूनची. काकांनी त्यात एक घातलं की सगळ्यात नवीन माणूस आधी बोलणार आणि प्रमुख सगळ्यात शेवटी. तिसऱ्याच वेळी आमचा १९ वर्षांचा मुलगा खाली बघत म्हणाला, "ताई, तुम्ही रेडिओवर मागे या म्हणालात पण कोणाला ते बोलला नाहीत, आम्ही दोघंही मागे आलो आणि पाण्याच्या लाइनवर कोणीच नव्हतं." मी रेकॉर्डिंग ऐकलं, शंभर टक्के खरं होतं. आता आधी नाव, मग हुकूम, आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा.

या विषयावर काकांनी मला मान गल्चचं सांगितलं होतं. ५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेतलं मोंटाना, गवताचा वणवा डोंगर चढून मागे लागलेला, आणि तुकडीप्रमुख वॅगनर डॉज यांनी पुढचं गवत स्वतःच पेटवलं, जळालेल्या राखेत आडवे झाले आणि बाकीच्यांना हाक मारली. कोणी आलं नाही. १३ जण गेले, डॉज वाचले. ते जे करत होते ते बरोबर होतं, पण तसं कोणी कधी बघितलेलं नव्हतं, आणि त्या क्षणी समजावून सांगायला वेळ कुठे असतो. मला ते ऐकून पोटात कालवलं. माझी हाक ऐकून माझी माणसं येतील का, हे मी तेव्हापासून प्रत्येक ड्रिलला बघते.

तक्रारी आहेतच. सगळ्यात मोठी म्हणजे त्या संस्थेने मला न विचारता माझा प्रगती अहवाल आमच्या कमिटीला पाठवला. मॅडमनाही माहीत नव्हतं. सेशनमधलं काही त्यात नव्हतं, पण एक महिना मी मोकळेपणाने बोलूच शकले नाही. आधी लेखी घ्या की कोणाला काय कळवलं जाणार. दुसरं, वर्दी आली म्हणून अर्धवट सोडलेलं सेशन पूर्ण झालेलं धरतात, माझी अशी दोन गेली, अग्निशमन लोकांसाठीच्या प्रोग्रॅममध्ये हे अजिबात पटत नाही. आणि वेळ जातो. आठवड्याला आणखी दीड-दोन तास घरच्यांच्या वाट्याचे जातात हे धरूनच चाला.

कोणी घ्यावं म्हणाल तर नुकतेच प्रमुख झाला असाल तर आधी मेंटॉर शोधा, कोचकडे नेण्यासारखे प्रश्न सहा महिने काम केल्याशिवाय तयारच होत नाहीत. आणि मेंटॉर आपल्याच पथकातला किंवा आपल्या वरचा अधिकारी नको, ज्याच्या हातात आपली नेमणूक आहे त्याच्यासमोर कोणी म्हणत नाही की मला त्या रात्री काही सुचलं नाही.

माझी कोचिंगची मुदत या महिन्यात संपतेय, मी वाढवली नाही. काका आहेतच. राहिलेली सेशन्स डेप्युटीच्या नावावर करून घेतलीत, गेल्या आगीवर त्याने ब्रांच दुसऱ्याकडे दिली आणि बाहेर येऊन उभा राहिला, मी त्या दिवशी कामावर अडकले होते, मला हे गटप्रमुखाने फोनवर सांगितलं. त्याचं पहिलं सेशन मंगळवारी आहे.