साताऱ्यातली बायका-मुलांची धावण्याची बॅच: तीन महिन्यांनंतर

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या एका शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन दिवस सकाळी बायकांची आणि मुलांची धावण्याची बॅच चालते. मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी, दोघींनी तीन महिने पूर्ण केले आणि पुढच्या तीन महिन्यांची फीही भरली आहे. काही तक्रारी लिहायच्या आहेत, म्हणून बॅचचं नाव इथे देत नाही. साताऱ्यात राहणाऱ्यांना ती कुठली हे विचारपूस केली की कळेलच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझा दिवस रक्ताच्या बाटल्यांमध्ये जातो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ज्या गोष्टीने मी या बॅचवर खूश झाले, तिच्यापासून सुरुवात करते. बॅच घेणाऱ्या मॅडमनी कोणालाच पळवलं नाही. प्रत्येकीकडे सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला.

फिटनेसच्या क्लासमध्ये वजनकाटा सगळीकडे असतो, हिमोग्लोबिन विचारणारं मला याआधी कोणी भेटलं नव्हतं. आणि बायकांच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. रिपोर्टमधला आकडा म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन. बारा ग्रॅमवाली बाई आणि नऊ ग्रॅमवाली बाई सारख्याच जिद्दीने पळाल्या, तरी दुसरीच्या पायांपर्यंत पोचणारा ऑक्सिजन पाव हिश्शाने कमी असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दहा बायकांची बॅच घेतली, तर त्यातल्या पाच-सहाजणी रिकाम्या टाकीने उभ्या असण्याचा संभव. आमच्यातही एका ताईंचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. "जिना चढताना दम लागतो, वय झालं," असं त्या स्वतःच म्हणत होत्या. वय अडतीस! मॅडमनी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू होऊन पुढचा रिपोर्ट येईपर्यंत फक्त चालायला लावलं आणि त्या काळात एकदाही "बघा, बाकीच्या पळतायत" असं सुनावलं नाही. आता त्या माझ्या बरोबरीने पळतात.

रिपोर्टनंतर बीप टेस्ट. वीस मीटरवर दोन ओळींत लाल-पिवळे कोन, मधोमध स्टुलावर स्पीकर. बीप वाजला की पलीकडच्या ओळीपर्यंत जायचं, पुढच्या बीपला परत. ही चाचणी १९८०च्या दशकात माँट्रियलचे संशोधक ल्युक लेजे यांनी बसवली. सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने होते, म्हणजे वीस मीटरला जवळजवळ साडेआठ सेकंद मिळतात, आणि दर मिनिटाला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो. असं एकेक मिनिट म्हणजे एकेक लेव्हल. पहिलं मिनिट गप्पा मारत जातं. दुसऱ्या मिनिटाला ओढण्या कमरेला खोचल्या गेल्या. तिसऱ्याला मैदानावर फक्त श्वासांचा आवाज. मी तिसऱ्या लेव्हलला थांबले. सलग दोनदा बीपआधी ओळ गाठता आली नाही की तुम्ही बाहेर, आणि बाहेर आलेल्या प्रत्येकीला दोन फेऱ्या चालून मगच बसायची परवानगी. धाप लागलेली असताना एकदम बसलं की चक्कर येते, हे मॅडम हात धरून चालवत समजावत होत्या.

या चाचणीतून दमसास मोजायचा. शास्त्रात त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात: जास्तीत जास्त जोर लावल्यावर शरीर एका मिनिटात, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. पुरुषांच्या मानाने बायकांचा हा आकडा सर्वसाधारणपणे १५ ते २५ टक्के कमी असतो. हृदयाचा आकार लहान, हिमोग्लोबिन कमी, शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतःच जास्त, ही त्याची कारणं. त्यात आळशीपणाचा काही संबंध नाही. नवऱ्याबरोबर सकाळी पळायला जाऊन "तू फारच हळू आहेस" ऐकून घरी बसलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. त्यांना कोणीतरी हे आधीच सांगायला हवं होतं. सरावाने होणारी वाढ मात्र बायकांमध्येही टक्केवारीत जवळपास तेवढीच असते. काही महिन्यांच्या नेमाच्या सरावाने १५-२० टक्क्यांची सुधारणा बसून काम करणाऱ्या बाईला नक्की आवाक्यात आहे.

आमचा सराव असा: पहिला महिना चाल-पळ-चाल. पळताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हाच नियम. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस जोराचा, चार मिनिटं दमवणारं पळणं आणि तीन मिनिटं चालणं, असं आलटून पालटून. मनगटी घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर मॅडम फार विसंबत नाहीत, आणि तेही बरोबर आहे. कमाल ठोक्यांचं '२२० वजा वय' हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. फक्त बायकांच्या चाचण्यांवरून २०१० साली जे सूत्र मांडलं गेलं, ते '२०६ वजा वयाच्या ०.८८ पट' असं आहे. माझ्या एक्केचाळीस वयाला पहिल्या सूत्राने कमाल ठोके १७९ येतात, दुसऱ्याने १७०. पहिला आकडा धरून '८५ टक्के गाठा' म्हटलं, तर बाई उगाचच जास्त धापा टाकते आणि आठवड्याभरात येणं बंद करते.

एक गोष्ट मात्र बॅचमध्ये कोणी समजावली नव्हती, ती मी समजावली. दीड महिन्याने एकीने हौसेने पुन्हा सीबीसी केलं, तर हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं. ती घाबरली, घरचेही म्हणाले, पळणं बंद कर. नियमित सरावाने रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, आधी वाढतो. लाल पेशी तेवढ्याच असल्या तरी पातळ झालेल्या रक्तात त्यांचं प्रमाण कमी दिसतं. अशा वेळी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. तिचं फेरिटिन व्यवस्थित होतं, डॉक्टरांनीही पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. वाढलेल्या प्लाझ्मामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तर तोच चढ कमी धापेत चढता येतो. आता मॅडम नव्या बायकांना हे पहिल्या आठवड्यातच सांगतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता मुलं. या बॅचची खरी कमाल इथे आहे.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मुलांना एकही सलग फेरी मारायला लावत नाहीत. साखळी-साखळी, लंगडी, खो-खो, कोनांमधून नागमोडी पळणं, टेनिस बॉल उचलून आणण्याची शर्यत. काही पालकांना हे पहिल्यांदा खटकलं होतं: "खेळायला तर सोसायटीतही खेळतात, मग फी कशाची?" फी मुलाला महिना आठशे रुपये आहे, त्यामुळे प्रश्न रास्त होता. पण मूल थोडा वेळ जीव खाऊन पळतं, थांबतं, पुन्हा पळतं, हीच त्याच्या शरीराची रीत आहे. लहान मुलांचं हृदय लहान, एका ठोक्यात रक्त कमी, म्हणून ठोके जास्त. त्यांचे कमाल ठोके आठव्या वर्षी काय आणि चौदाव्या वर्षी काय, दोनशेच्या आसपासच राहतात. वयाचं सूत्र तिथे लागूच पडत नाही. आणि ती सावरतात झपाट्याने. खो-खोचा डाव संपल्यावर आम्ही बायका गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असतो, तोवर मुलं "मॅडम, अजून एक!" म्हणून ओरडत असतात.

पालकांनी आधीच समजून घ्यावी अशी बाब म्हणजे मुलांचा व्हीओटू मॅक्स सरावाने फारसा वाढत नाही. वयात येण्याआधीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत सरासरी वाढ पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच दिसते. त्यामुळे तीन महिने पैसे भरून बीप टेस्टची लेव्हल अर्ध्यानेच पुढे सरकली तर पैसे वाया गेले असं समजू नका. माझ्या लेकीची लेव्हल जवळपास तिथेच आहे. पण शाळेतल्या खेलो इंडियाच्या तपासणीत ६०० मीटर पळायचं असतं, तिथे ती आधी ३ मिनिटं १० सेकंद घेत होती, आता २ मिनिटं ५० सेकंद. पहिल्या शंभर मीटरला जीव तोडून पळायची आणि मग पोटात कळ येऊन चालायची, ते थांबलं. पाऊल नीट पडतं, हात छातीसमोर आडवे फिरत नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे किती जोर लावायचा हे तिला कळलंय.

तेरा-चौदाच्या मुलींसाठी मॅडम जे करतात त्याला तोड नाही. लहानपणी मुलगा-मुलगी दमसासात बरेच जवळ असतात. वयात येताना मुलग्यांचं हिमोग्लोबिन आणि स्नायू वाढतात, मुलींमध्ये चरबीचं प्रमाण वाढतं, आणि वजनाच्या दर किलोमागचा आकडा खाली येऊ लागतो. नेमक्या त्याच वयात आपण मुलींचा खेळ बंद करतो. क्लास, पाळी, "आता मोठी झालीस", काहीही कारण पुरतं. शरीराने होणारी घट थोडी, घरात बसवल्याने होणारी जास्त. मॅडमनी या मुलींचा वेगळा गट केलाय, पाळीच्या दिवसांत काय करायचं हे त्या मुलीवर सोडलंय, आणि ललिता बाबरची गोष्ट त्या इतक्या तळमळीने सांगतात की मुली ऐकत राहतात. आपल्याच जिल्ह्यातलं माण तालुक्यातलं मोही गाव, आणि तिथली मुलगी २०१६ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी. या गटातली एकही मुलगी तीन महिन्यांत गळली नाही. माझ्या मते पूर्ण बॅचचं मोल या एका गोष्टीत वसूल आहे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: मुलांच्या बीप टेस्टच्या लेव्हल व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता करून टाकतात. नऊ वर्षांचा आणि तेरा वर्षांचा एकाच यादीत, वर-खाली क्रमाने. एकाच वयाची दोन मुलंसुद्धा वाढीच्या दृष्टीने दोन-तीन वर्षं मागे-पुढे असू शकतात, मग या क्रमाला काय अर्थ? एका मुलाने त्या तक्त्यानंतर यायचंच नाही म्हणून घरी रडून घेतलं. मी मॅडमशी बोलले. बायकांचा तक्ता त्यांनी लगेच बंद केला. मुलांचा चालू आहे, कारण पालकच मागतात म्हणे. पालकांनो, कृपा करून मागू नका.

दुसरी: मैदानावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे, रखवालदार सात वाजता येतो, बॅच सहाला सुरू. बायका-मुलींच्या बॅचला हे चालणार नाही, आणि फी घेणाऱ्यांनी यासाठी शाळेच्या मागे लागलंच पाहिजे.

तिसरी: पाऊस. सातारच्या जुलैत मैदानाचा चिखल होतो आणि बॅच एका हॉलमध्ये जाते. खालची फरशी कडक, त्यावर उड्या मारून आमच्यातल्या दोघींच्या नडग्या दुखल्या. तिथे दोरीवरच्या उड्यांऐवजी पायऱ्या आणि चालणं ठेवलं तर बरं.

फी बायकांना महिना हजार, तीन महिन्यांची एकदम, परत मिळत नाही. माझी लेव्हल तिसरीवरून पाचवीवर गेली, आणि यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणापर्यंत मी आता न थांबता पळते. आठवड्याचे तीन तास बाईला पुरेसे आहेत. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात आपण बसतो. मुलांना मात्र रोज सरासरी ६० मिनिटं लागतात, तेव्हा बॅच लावली म्हणून संध्याकाळचं खेळणं बंद करू नका.

नवीन बॅच दर तिमाहीला सुरू होते. सीबीसी आठवडाभर आधी करून घ्या आणि जमलं तर त्याच रक्तात फेरिटिनही सांगा. बूट साधे पण पळण्याचेच हवेत, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. आणि स्वच्छतागृहाच्या किल्लीचं नाव नोंदवतानाच विचारा. जितक्या जणी विचारतील तितकं ते कुलूप लवकर उघडेल.