रॉबिन्सनचं मॉन्ट्रियल की ॲरनचं जॅक्सनव्हिल?

बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्पर्धा) काळा खेळाडू म्हणून जास्त कोणी सोसलं, जॅकी रॉबिन्सनने की हँक ॲरनने, तर माझं मत ॲरनला. रॉबिन्सन १९४६ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियल रॉयल्सकडे खेळला, पहिल्याच मॅचला जर्सी सिटीत ४ हिट, त्यात एक होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका), वर २ बेस चोरले (फटका न मारताच पळून पुढचा टप्पा गाठला), आणि सीझनअखेर बॅटिंग ॲव्हरेज .३४९ म्हणजे लीगमध्ये टॉप. बाहेरगावी शिव्या खाव्या लागल्या हे खरंच, पण घरच्या मैदानावर मॉन्ट्रियलच्या लोकांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतलं.

ॲरनला तेवढंही नाही मिळालं. १९५३, जॅक्सनव्हिलची टीम, साउथ अटलांटिक लीग, सगळा कारभार अमेरिकेच्या दक्षिणेतला, जिथे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायचे, जॅक्सनव्हिलमध्ये तर १९४६ ला रॉबिन्सन येतोय म्हणून स्टेडियमला चक्क कुलूप लावलेलं. १९ वर्षांचं पोरगं, टीम हॉटेलात उतरायची आणि हा आणि टीममधले गार्नर व मँटिया असे तिघं काळ्या वस्तीत कुणाच्या तरी घरी, टीमसोबत हॉटेलात जेवायची पण सोय नाही. तरी ॲव्हरेज .३६२, २२ होमरन आणि लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू)!

आता रॉबिन्सन काळ्या खेळाडूंसाठी वाट उघडणारा पहिला होता, त्याचं प्रेशर वेगळंच, तो फेल गेला असता तर ॲरनला दार कधी उघडलं असतं कोण जाणे. पण रोजच्या जाचाचं म्हणाल तर जॅक्सनव्हिलच भारी पडतं.