किट लेन्सनंतर कोणती? कॅनन १५००डीसाठी चार झूम लेन्सचा तुलनात्मक आढावा

कॅनन १५००डी कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स, म्हणजे किट लेन्स, वर्षभर पुरते. मग गडावरून टिपलेला समोरचा सुळका फोटोत फारच लहान वाटायला लागतो, शाळेच्या संमेलनात स्टेजवरचे चेहरे ओळखू येत नाहीत आणि 'सगळ्याला चालेल अशी एकच झूम घेऊन टाकू' असा विचार सुरू होतो. त्या वेळी चार लेन्सची नावं हमखास पुढे येतात: कॅननची १८-१३५ आयएस यूएसएम, कॅननचीच ५५-२५० आयएस एसटीएम, टॅमरॉनची १८-४०० आणि सिग्माची १७-५० एफ/२.८. (आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, यूएसएम आणि एसटीएम हे फोकस मोटरचे प्रकार.)

दुकानात जाण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षभरातले तुमचे आवडते शंभरेक फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ (लेन्स किती झूमवर होती तो मिमीचा आकडा) किती आहे ते बघा. बहुतेक फोटो ५५ला अडकलेले असतील, तर तुम्हाला पल्ला, म्हणजे जास्त झूम, हवाय. १८ ते ३५च्या दरम्यान असतील आणि शिवाय आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवली की फोटो रवाळ होतो) ३२००-६४०० दिसत असेल, तर पल्ला वाढवून काही हाती लागणार नाही. तुम्हाला उजेड कमी पडतोय. लोक झूमचा आकडा बघून लेन्स घेतात आणि घरातल्या कार्यक्रमांचे फोटो पूर्वीइतकेच रवाळ येत राहतात, म्हणून हे आधी सांगतो.

उजेडाचा हिशोब साधा आहे. एफचा आकडा सांगतो की लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं: आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. किट लेन्स ५५ला एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. सिग्मा १७-५० मात्र सगळ्या टप्प्यांत एफ/२.८वर चालते, म्हणजे चौपट उजेड आत घेते. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत जिथे किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो, तिथे सिग्माचं काम १६००वर भागतं. १५००डीमध्ये ६४०० ही नेहमीच्या वापराची वरची मर्यादा. तिथे हळद लागलेल्या चेहऱ्यावरचे बारकावे पुसट होतात, १६००वर ते टिकतात. इथे स्टॅबिलायझेशनवर (नावातलं 'आयएस') भिस्त ठेवू नका. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. संध्याकाळच्या मिरवणुकीत ढोलवादकाचा चेहरा स्थिर मिळेल, पण हातातलं टिपरू धूसर रेघच राहील. ते गोठवायला जलद शटर स्पीड (शटर क्षणभरच उघडणं) लागतो आणि शटर स्पीडला उजेड.

मग सरळ सिग्माच का घेऊ नये? कारण ती ५०लाच संपते. गडावरचा सुळका आहे तेवढाच राहणार. वजन ५६५ ग्रॅम आणि फिल्टर ७७ मिमीचा, म्हणजे चांगला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) महाग पडतो. आणखी एक गोष्ट महत्त्वाची: एफ/२.८ला फोकस जरासा पुढेमागे झाला तरी लगेच कळतो, आणि १५००डीत प्रत्येक लेन्ससाठी फोकस जुळवून घेण्याची सोय नाही. म्हणून ही लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, व्ह्यूफाइंडरमधून दहा-बारा फोटो काढून, डोळ्यांच्या पापण्या तपासूनच घ्यावी.

आता १८-१३५. एकच लेन्स घेऊन निघायचं असेल, तर माझं मत हिच्या बाजूने आहे. १५००डीच्या सेन्सरवर १.६ पटीचा हिशोब धरला, तर ती फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) साधारण २९ ते २१६ मिमी इतकं दृश्य देते. एवढ्यात वारीतला रिंगणसोहळाही बसतो आणि माळ ओढणाऱ्या आजींचा चेहराही. वारीच्या धुळीत किंवा कोकणच्या किनाऱ्यावर लेन्स बदलावी लागत नाही, हा फायदा लहान नाही. सेन्सरवर बसलेला एक कण आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत ठिपका होऊन येतो. फोकस झटपट आणि जवळजवळ आवाज न करता होतो. ५१५ ग्रॅम वजन दिवसभर गळ्यात सुसह्य आहे. मर्यादा उजेडाचीच: झूम वाढवला की तीही एफ/५.६वर येते. विकत घेताना नाव नीट वाचा. या आकड्यांच्या तीन लेन्स आहेत: २००९ची साधी आयएस, २०१२ची एसटीएम आणि २०१६ची यूएसएम. पहिलीचा फोकस आवाज करतो, ती स्वस्त मिळाली तरी टाळा. एसटीएम मात्र बिनधास्त घ्या.

किट लेन्स हाताशी आहे आणि पैसे मोजूनच खर्च करायचेत, तर ५५-२५० एसटीएम हा खरा शहाणपणाचा सौदा. ३७५ ग्रॅम वजन, ५८ मिमीचा फिल्टर (किट लेन्सचाच इथेही बसतो) आणि लांबचं टोक ४०० मिमीसारखं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे असतील, तर सकाळच्या उन्हात या लेन्सवर पिसांचा गुलाबी रंग आणि चोचीचं काळं टोक वेगवेगळं उठून दिसतं. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, होडी हलते आणि पक्षीही. किट लेन्स आणि ही, दोन्ही मिळून वजन ५७५ ग्रॅम होतं, म्हणजे १८-१३५पेक्षा थोडंच जास्त. त्रास एकच, बदलाबदली. आणि कासच्या पठारावर ही जोडी १८-१३५लाही मागे टाकते: किट लेन्स पाव मीटरवरून फोकस करते आणि सीतेची आसवं ही इवली फुलं १८-१३५पेक्षा मोठी दिसतात.

टॅमरॉन १८-४०० कागदावर सगळ्यांना हरवते. ४००ला फुल फ्रेमच्या ६४० मिमीइतकं दृश्य, तेही लेन्स न बदलता. पण तिथे अ‍ॅपर्चर एफ/६.३ आणि स्टॅबिलायझेशन जेमतेम अडीच स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुपटीचा फरक). भर उन्हात ठीक. ताडोबात पहाटेच्या जिप्सीत वाघ झाडीत बसलेला असेल, तर आयएसओ चढतो आणि पट्ट्यांच्या कडा मऊ पडतात. ७१० ग्रॅमची लेन्स ४७५ ग्रॅमच्या कॅमेऱ्याला लावली की तोल पुढे जातो, डाव्या हातावर सगळा भार येतो. वयामुळे किंवा प्रवासाच्या धावपळीमुळे लेन्स बदलणं ज्यांना जमतच नाही आणि फोटो मुख्यतः मोबाइलवर किंवा छोट्या आकारात बघायचे आहेत, त्यांनी ती जरूर घ्यावी. पक्ष्यांसाठी म्हणून घेणार असाल, तर थांबा. ५५-२५०चा फोटो थोडा कापून घेतलात तरी बारकावे बऱ्याचदा चांगले मिळतात आणि उरलेल्या पैशांत भिगवणच्या दोन फेऱ्या होतात.

पुढे मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा विचार असेल, म्हणून आज लेन्सवर पैसे घालायला कचरू नका. कॅननच्या या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून ईओएस आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर चालतात. फुल फ्रेम बॉडीवर त्या सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात, तेवढं ध्यानात ठेवा.

अनेकजण मिररलेसकडे वळल्यामुळे सेकंड-हँड बाजारात या लेन्स भरपूर आहेत. मुंबई-कोकणातून येणारी लेन्स मात्र फंगस बघितल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. चार-दोन धुळीचे कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर किंमत कितीही उतरवली तरी नको. मग विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून दोन्ही टोकांना एकेक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच बाजू धूसर असेल, तर ती लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता आहे. घरी आणल्यावर पावसाळाभर ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, चामडी पिशवीत नको, आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून वाळवून घ्या.