अल्बम विकला, पण तो फॅनच्या फोनमध्ये कसा जाणार? बँडकँप, आयट्यून्स, यूपीआय-लिंक की पेनड्राइव्ह

स्वतःचा अल्बम स्वतः काढणाऱ्या ओळखीतल्या काही गायक-वादकांसाठी विक्रीनंतरचं काम मी बघते, म्हणजे पैसे आले का, लिंक गेली का, आणि मुख्य म्हणजे "ताई, पैसे कट झाले पण गाणी कुठायत?" ह्या मेसेजला उत्तर द्यायचं. तुम्ही पण पहिला अल्बम विकायला काढताय आणि कुठून विकावा हे ठरत नसेल तर हे वाचा, कारण बाकी सगळीकडे तुलना होते ती कोण किती टक्के कापतं ह्याची, आणि गाणं फॅनच्या फोनमध्ये जाऊन वाजेपर्यंत काय काय होतं त्याबद्दल कोणी बोलतच नाही. माझ्या मते विक्री तिथं पूर्ण होते. पैसे आल्यावर नाही.

आधी एक गोष्ट साफ करू. स्पॉटिफायवर गाण्याशेजारचा बाण दाबला की गाणं फोनमध्ये "डाऊनलोड" होतं ते विकत घेतलेलं गाणं नव्हे, ते त्या ॲपच्या आत बंद असतं आणि तीस दिवसांत एकदा तरी नेट चालू करून ॲप उघडलं नाही तर वाजायचं थांबतं. आपण बोलतोय ती फाइल, जी घेणाऱ्याच्या मालकीची आहे, जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये जाते, गाडीत लावता येते. आणि ती फाइल हातात असणं का महत्त्वाचं ते आपल्याकडेच दोनदा दिसलंय. फ्लिपकार्टचं फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद पण झालं. गुगल प्ले म्युझिकवर भारतात गाणी विकत मिळायची, ते २०२० मध्ये गेलं. ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या होत्या त्यांचं काहीच बिघडलं नाही. म्हणून दुकान कुठलंही निवडा, फॅनला पहिल्याच दिवशी फाइल उतरवून घ्यायला लावा.

बँडकँप, म्हणजे कलाकाराला आपली गाणी थेट फॅनला विकता येतात ती वेबसाइट. कलाकाराच्या बाजूने बघितलं तर मला हे सगळ्यात जास्त आवडतं. २००८ पासून चालू आहे, मध्ये २०२२ ला एपिक गेम्स ह्या कंपनीने घेतलं, २०२३ ला साँगट्रेडर ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं, पण काम तसंच चाललंय. डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के घेतात, वर्षभरात पाच हजार डॉलरच्या वर विक्री गेली की दहा, आणि पैसे आणून देणाऱ्याचं शुल्क वेगळं. तुम्ही एकदा वेव्ह किंवा फ्लॅक, म्हणजे पूर्ण दर्जाची मोठी फाइल चढवली की घेणाऱ्याला एमपीथ्री, फ्लॅक, एएसी, हवं ते निवडता येतं, आणि फोन हरवला, बदलला, तरी लॉगिन करून परत उतरवता येतं. खातं न काढता नुसत्या ईमेलवर पण घेता येतं, डाऊनलोडची लिंक मेलवर येते.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे बँडकँपचं ॲप. फॅन ॲप टाकतो, लॉगिन करतो, गाणं दिसतं, वाजतं, ऑफलाइन पण ठेवता येतं, त्याला वाटतं झालं काम, पण ती ऑफलाइन गाणी ॲपच्या आतच असतात, फाइल हवी असेल तर ब्राउझरमधून साइटवर जाऊन आपल्या कलेक्शनमधून उतरवावी लागते, आणि हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. आता ज्याला फक्त ऐकायचंय त्याला ॲपच बरं, तिथं झिप (सगळी गाणी एकत्र बांधलेली फाइल) वगैरे भानगडच नाही, फक्त ज्या ईमेलवरून अल्बम घेतला त्याच ईमेलने लॉगिन करायला सांगा, नाहीतर कलेक्शन रिकामं दिसतं आणि मग तुम्हाला मेसेज येतो.

दुसरी अडचण मोठी आहे. बँडकँपचे पैसे कलाकाराला पेपॅल ह्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर मिळतात, आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा बंद केलीय. म्हणजे तुमचं खातं पुण्यातलं आणि घेणारा नाशिकचा, तर गाडी अडते. घेणारा न्यू जर्सीत, लंडनला किंवा मेलबर्नला असेल तर बिनधास्त. त्यामुळे परदेशातल्या मराठी माणसांसाठी बँडकँप एक नंबर, आणि तेवढ्यासाठी पान बनवून ठेवाच, पण इथल्या लोकांसाठी त्याच्यावर विसंबू नका.

आयट्यून्स स्टोअर. भारतात डिसेंबर २०१२ पासून आहे आणि आयफोनवाल्यासाठी ह्याच्यापेक्षा सोपं काही नाही, खरंच. आयट्यून्स स्टोअरचं ॲप उघडायचं, नाव शोधायचं, किमतीवर बोट ठेवायचं, गाणं सरळ फोनच्या म्युझिक ॲपमध्ये, कव्हरसकट. फाइल २५६ केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्या दर्जाच्या एएसीमध्ये असते आणि २००९ पासून तिला कुलूप नाही, म्हणजे दुसरीकडे पण वाजते. पण अँड्रॉइडवाल्याने हे घ्यायचं म्हटलं तर कंप्युटरवर आयट्यून्स, तिथून खरेदी, मग वायर लावून फोनमध्ये कॉपी, एवढं कोण करतंय? आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे. शिवाय तिथं पोचायला तुम्हाला डिस्ट्रोकिड, सीडी बेबी अशा गाणी दुकानांपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांपैकी कोणीतरी लागतं, ॲपल साधारण तीस टक्के ठेवतं, त्यात सीडी बेबी असेल तर त्यांचे नऊ टक्के वेगळे, डिस्ट्रोकिड असेल तर दरवर्षीची फी, आणि ती भरली नाही तर जादा पैसे भरून कायमची सोय केलेली नसेल तर अल्बम स्टोअरमधून उतरू शकतो. उतरला की आधी घेतलेल्याला परत डाऊनलोड करायला मिळेलच असं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कोणी घेतलं ते तुम्हाला कळतच नाही, म्हणजे अडला तर मदत करायला पण नाव-नंबर नाही. स्ट्रीमिंगसाठी गाणी ॲपलवर जाणारच असतील तर तिथं विक्रीला पण ठेवा, आपोआप होतं, पण मुख्य दुकान म्हणून नको.

आता यूपीआय आणि लिंक. क्यूआर कोड, फॅन पैसे टाकतो, स्क्रीनशॉट पाठवतो, तुम्ही लिंक किंवा फाइल पाठवता. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे दोनशेचा अल्बम विकला की दोनशे हातात. आणि माणूस थेट ओळखीचा होतो, पुढच्या कार्यक्रमाला त्यालाच पहिला मेसेज जातो. कष्ट मात्र सगळे तुमचे, आणि हे मी रोज करते म्हणून जरा सविस्तर सांगते.

गुगल ड्राइव्हची लिंक देणार असाल तर शेअरिंग "लिंक असलेला कोणीही" असं आहे का ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा, नाहीतर प्रत्येक फॅन परवानगी मागणार आणि मेलबॉक्स भरणार. शंभर एमबीच्या वरची फाइल असली की ड्राइव्ह "व्हायरस तपासता आला नाही" अशी पाटी दाखवतं, ती बघून लोक, विशेषतः वयस्कर, तिथंच थांबतात आणि बरोबरच आहे त्यांचं, इतके फ्रॉड चाललेत की अशा पाटीवर पुढे जाऊ नका असं आपणच त्यांना सांगत असतो. त्यामुळे अख्ख्या अल्बमची एकच झिप देऊ नका. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण अडीच एमबी लागतात, पाच मिनिटांचं गाणं बारा एमबी, म्हणजे तासाभराचा अल्बम दीडशेच्या आसपास जातो, पण एकेक गाणं आरामात बसतं. आणि ड्राइव्हची लिंक फोनवर उघडली की गाणं तिथंच वाजायला लागतं, माणसाला वाटतं मिळालं, दुसऱ्या दिवशी प्रवासात नेट नाही तर गाणं नाही. तीन टिंबं दाबून डाऊनलोड करा, हे वाक्य लिंकच्या खाली लिहायचंच.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जातं आणि फाइल जशीच्या तशी पोचते. लोकांना व्हॉट्सॲप येतं, ही त्याची खरी ताकद आहे, साठीच्या पुढच्या श्रोत्यांना मी दुसरं काही सुचवतच नाही. फक्त फाइल व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पडते आणि महिन्याभराने कोणीतरी जागा करायला म्हणून चॅट साफ केलं की गाणी पण गेली. म्हणून बाहेर सेव्ह करून ठेवायला सांगा, आणि परत मागितली तर परत द्या, कुरकुर न करता. लिंक पुढे फिरेल ही भीती सगळ्यांना असते. फिरते थोडी. पण दर वेळी बदलणारा पासवर्ड, एकदाच चालणारी लिंक असली कुलपं लावली की ज्यांनी पैसे दिलेत तेच अडकतात, फुकट्यांचं काही अडत नाही, म्हणून मी कुलपाच्या विरोधात आहे.

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये लिंक टाकणार असाल तर हे वाचाच. तिथून लिंक दाबली की ती इन्स्टाच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथं डाऊनलोड बऱ्याचदा होतच नाही, नुसतं पांढरं पान किंवा गोल फिरत राहतं. "वरचे तीन टिंबं दाबा, क्रोम किंवा सफारीमध्ये उघडा" एवढं सांगितलं की निम्म्या तक्रारी संपतात.

अँड्रॉइडवर क्रोममधून उतरलेली फाइल डाऊनलोड्स फोल्डरमध्ये जाते. झिप असेल तर गुगलच्या फाइल्स ॲपमध्ये तिच्यावर दाबायचं, एक्स्ट्रॅक्ट म्हणायचं, झालं. वाजवायला हल्ली बऱ्याच फोनमध्ये वेगळा म्युझिक प्लेअर नसतो, यूट्यूब म्युझिक असतं, त्यात फोनमधल्या फाइली दिसतात पण शोधाव्या लागतात, त्यापेक्षा व्हीएलसी नावाचा प्लेअर टाकायला सांगा, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. आयफोनवर सफारीतून उतरलं की फाइल्स ॲपच्या डाऊनलोड्समध्ये, झिपवर एकदा दाबलं की फोल्डर बनतो, आयओएस १३ पासून हे जमतं. पण मग फॅन विचारतो, म्युझिक ॲपमध्ये का नाही दिसत? तिथं बाहेरची फाइल कंप्युटरशिवाय घालता येत नाही, हे सरळ सांगून टाका. फाइल्समध्ये दाबलं तर वाजतं पण एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागत नाही. इथं पण व्हीएलसीच: ते टाकायचं, एकदा उघडायचं, मग फाइल्समध्ये "माझ्या आयफोनवर" खाली व्हीएलसीचा फोल्डर येतो, अल्बमचा फोल्डर उचलून त्यात ठेवायचा. हे चार फोटो काढून तयार ठेवा, शब्दांत समजावण्यापेक्षा फोटो पाठवला की लगेच जमतं.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवायचा मोह मला समजतो, पण झिप बनवणाऱ्या काही सॉफ्टवेअरमधून ती नावं दुसऱ्या फोनवर नुसत्या चिन्हांची खिचडी होऊन उघडतात. फाइलीचं नाव रोमन लिपीत आणि सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे, तेही इंग्रजी अंकांत, म्हणजे क्रम बिघडत नाही. देवनागरी टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आत साठवलेल्या माहितीत टाका, गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, अल्बम, सगळं, एमपीथ्रीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, तिथं युनिकोड निवडलेलं आहे ना बघा. फोनवर मग छान मराठीत दिसतं. काही गाड्यांच्या स्टिरिओवर चौकोन दिसतील, त्याला इलाज नाही, गाणं वाजतं. टॅग रिकामे ठेवू नका मात्र, नाहीतर तुमचा अल्बम "अननोन आर्टिस्ट" म्हणून पडून राहतो आणि गीतकाराचं नाव तर कुठंच उरत नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं.

राहिला पेनड्राइव्ह. नाट्यगृहाच्या बाहेर सीडीचं टेबल लागायचं तिथं आता हे ठेवता येतं, एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला साधा यूएसबी असलेला. फोनला लावा, कॉपी करा, गाडीत लावा. सगळ्यात महाग पर्याय हाच, कारण पेनड्राइव्हचीच किंमत अल्बमइतकी किंवा जास्त होते, आणि जुन्या लाइटनिंगवाल्या आयफोनला तो थेट लागत नाही. पण दिवाळी पहाटला येणारा श्रोता हातात काहीतरी घेऊन जायला तयार असतो आणि घरच्यांसाठी भेट म्हणून पण घेतो. खर्च झेपत नसेल तर क्यूआर छापलेलं कार्ड ठेवा, बँडकँप त्यासाठी डाऊनलोड कोड देतं, कार्डाचे पैसे टेबलावर यूपीआयने घ्या आणि कोड फॅन घरी जाऊन टाकतो, त्यामुळे पेपॅलची अडचण पण टळते. कार्डावर कोडचा आकार मोठा ठेवा आणि तुमचा व्हॉट्सॲप नंबर खाली छापा.

आता तुमचं ठरवायचं तर श्रोते कुठं आहेत ते बघा. निम्मे तरी परदेशात असतील तर बँडकँप मुख्य आणि इथल्यांसाठी यूपीआय. सगळे इथलेच, आणि महिन्याला वीस-पंचवीस अल्बम जात असतील तर फक्त यूपीआय, व्हॉट्सॲप आणि एकेका गाण्याच्या लिंका, बाकी काही नको. आकडा त्याच्या बराच वर गेला की हाताने लिंका पाठवणं झेपत नाही, तेव्हा पैसे आले की फाइल आपोआप देणारं इन्स्टामोजोसारखं पान घ्या, थोडं कापलं जाईल पण रात्री अकराला पैसे टाकणाऱ्याला सकाळपर्यंत थांबावं लागणार नाही. आणि विक्री चालू करायच्या आधी एक जुना अँड्रॉइड आणि एक आयफोन, दोन्हीवर, घरातल्या अशा माणसाला घ्यायला लावा ज्याला ह्यातलं काही येत नाही, शेजारी बसा पण बोलू नका, आणि तो जिथं अडेल तिथलं वाक्य लिंकच्या खाली लिहा.