औसा रस्त्यावरील उपाहारगृह : सुशीला उत्तम, पायऱ्या अडचणीच्या

लातूरमधील या छोट्या उपाहारगृहात वाढपी कर्णबधिर आहेत; ग्राहक पदार्थाच्या चित्रावर बोट ठेवतो किंवा भिंतीवरील फलकात दाखवलेल्या खुणा करून ‘कमी तिखट’, ‘अजून एक’ असे सांगतो. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्त्याचा पदार्थ, मोकळी, गरम आणि भरपूर शेंगदाणे घातलेली होती. चहा मात्र फार गोड वाटला. लोक येथे दयेपोटी नव्हे, तर चवीसाठी आणि तत्पर सेवेसाठी येतात, आणि शेजारच्या टेबलावरील शाळकरी मुले बघता बघता खुणा शिकतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण ठेवले. परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनातील संकोच अशा रोजच्या व्यवहारातूनच कमी होतो.

एक उणीव गंभीर आहे. दाराशी तीन उंच पायऱ्या असून व्हीलचेअरसाठी उतार नाही. १ फूट उंचीला १२ फूट लांबी या प्रमाणात तो बांधण्याएवढी जागा समोर आहे, तेव्हा मालकांनी हे काम लांबवू नये. सकाळी नऊच्या आत गेल्यास निवांत बसता येते.